तिसरी रेस

इंजिनाचं दुखणं ओळखायला मी पेचकसाचं टोक त्याला टेकवतो आणि पेचकसाची मूठ कानाला लावतो. अहेरीत चाळीस वर्षं हेच करतो आहे.

माझा मुलगा प्रफुल चेनसॉ घेऊन जंगलात तोडीवर गेला, त्याला आज नववा दिवस. शोधायला गेलेली माणसं रिकामी परतली. झाड पडायच्या आधी तो मशीनला तीनदा रेस द्यायचा. ती ऐकून खालची माणसं बाजूला सरकत.

आज दुपारी अंगणात दुरुस्तीला आलेल्या डिझेल पंपाला पेचकस लावला. इंजिन थंड, टाकी कोरडी. तरी आत, फार लांब, चेनसॉ चालत होती.

सून रंजीता चिडून म्हणाली, "मामाजी, नवरा माया हरवला अन् तुमी लोकाईचे पंप आईकून राह्यले!"

मी पेचकसाची मूठ तिच्या कानाला लावली. ती ओरडली, "तेच हायत! बलवा ना त्याईले!"

मी इंजिनावर वाकून ओरडलो, "प्रफुल, इकडं ये रे बाबा!"

एक रेस आली. मग दुसरी, जवळून.

तिसरी आमच्या डोक्यावर झाली. आमच्या अंगणात एकही झाड नाही, तरी एक लांब सावली कलंडत आमच्या अंगावर येऊ लागली.