समोरून येणारी माणसं

"ओ बाई! बाण दिसत नाहीत का?"

धावणारा माणूस झुडपात शिरून उभा राहिला होता. गळ्यातला मास्क त्याने घाईघाईने नाकावर ओढला.

व्हर्ना लिंडक्विस्ट थांबली. "दिसतात की. चांगले ठसठशीत आहेत."

"मग उलट्या दिशेने कशाला चालताय?"

"तू ईस्टरच्या सकाळी इथे होतास का? पावणेआठच्या सुमाराला, बाकाजवळ?"

"नव्हतो! आणि लांब व्हा."

व्हर्नाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि ती पुढे निघाली.

तळ्याभोवतीची ही पायवाट तीन मैलांची. एप्रिल संपता संपता तिच्यावर पिवळे बाण उमटले. दर शंभर पावलांवर एक, सगळे एकाच दिशेने. करोनाच्या त्या दिवसांत बाण मिनेसोटात कुठे नव्हते? किराणा दुकानात होते, बँकेत होते, चर्चच्या दारात होते. पायवाटेवर आले म्हणून कुणी भुवई उंचावली नाही. मेंढरांसारखं सगळं गाव पुढच्याची पाठ बघत चालू लागलं.

व्हर्ना तेवढी रोज सकाळी बाणांच्या उलट दिशेने चालायची.

तिचा नवरा ऑरिन ईस्टरच्या दिवशी याच वाटेवर छातीत कळ येऊन गेला. ती घरी होती. ओव्हनमध्ये हॅम होतं. अँब्युलन्सवाल्याने नंतर सांगितलं, ऑरिनच्याच फोनवरून कुणीतरी आम्हाला बोलावलं. आम्ही लांबून पाहिलं तेव्हा ते माणूस त्यांचा हात धरून जमिनीवर बसलं होतं. आम्ही जवळ पोचेपर्यंत उठून गेलं. बाई की पुरुष, कळलं नाही. तोंड बांधलेलं होतं.

फोन केल्यापासून अँब्युलन्स येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्या अकरा मिनिटांत ऑरिन काही बोलला का, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. व्हर्नाला तेवढंच हवं होतं.

तिने आधी गावाच्या ऑनलाइन पानावर विचारलं. दोन तासांत त्रेचाळीस उत्तरं आली. ज्याने हात लावला त्याला चौदा दिवस कोंडा. त्याचं नाव जाहीर करा. सहा फुटांचा नियम मरणाऱ्यालाही लागू आहे.

हे शेवटचं ग्लेन प्रुइटने लिहिलं होतं. हा पायवाट मंडळाचा अध्यक्ष. एवढं वाचल्यावर कोण मायेचं माणूस पुढे येणार? म्हणून ती वाटेवर एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारायची.

ग्लेन वाटेच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून बसायचा. गळ्यात शिट्टी.

"अगं व्हर्ना, तुझ्या नावावर एकोणीस तक्रारी झाल्या."

"वीस होऊ देत. बरा आकडा आहे."

"ऑरिनचं मलाही वाईट वाटतं गं. पण बाण म्हणजे बाण. चारचौघांसारखी सरळ फिर ना. तुझं काय जातं?"

"सरळ फिरले तर मला फक्त ढुंगणं दिसतात, ग्लेन. तुझं तर चाळीस वर्षं बघतेय."

ग्लेनचे कान लाल झाले. "गुरुवारी बैठक आहे. तुला बंदी घालणार आम्ही. परत दिसलीस तर पोलीस उचलतील."

"उचलू देत. सहा फुटांवरून कसं उचलतात, ते मला बघायचंच आहे."

बुधवारी बाकापाशी एक बाई समोरून आली. निळा मास्क, हाताची कातडी सॅनिटायझरने सोललेली. व्हर्नाने नेहमीचा प्रश्न विचारला.

बाईने मागे-पुढे पाहिलं. नाही म्हणाली नाही.

"मी वृद्धाश्रमात काम करते," ती शेवटी म्हणाली. "बाहेर कुणाला हात लावला हे कळलं तर नोकरी जाईल माझी."

"माझ्याकडून नाही कळणार. काय म्हणाला तो?"

मागून पावलं वाजली. बाईने मान खाली घातली. "शुक्रवारी सुट्टी आहे मला. सकाळी इथेच या." आणि ती बाणांमागे निघून गेली. नाव सांगितलं नाही.

गुरुवारची बैठक झूमवर झाली. पडद्यावर मंडळाचे पाच जण, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, उद्यान खात्यातल्या रोझॅन किओ आणि कोपऱ्यातल्या चौकटीत व्हर्ना.

ग्लेन टाय बांधून आला होता. "या बाणांमुळे आपलं गाव जिवंत आहे," तो म्हणाला. "एका बाईच्या हट्टापायी ही शिस्त मोडू द्यायची का?"

पाच हात वर झाले. बंदी उद्या सकाळी सहापासून.

"ठीक आहे," किओबाई म्हणाल्या. "बंदीच्या कागदावर मूळ आदेशाचा क्रमांक लागेल. बाणांच्या आदेशाचा. तो सांगता का?"

"तो तुमच्याकडेच असणार," ग्लेन म्हणाला. "बाण काउंटीने रंगवलेत."

"आम्ही? नाही हो. आम्हाला वाटलं मंडळाने काढले. म्हणून तर मे महिन्यात तुम्हाला आभाराचं पत्र पाठवलं."

ते पत्र फ्रेम करून ग्लेनच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं सगळ्यांना दिसत होतं. ग्लेन जरा डावीकडे सरकला. पत्र झाकलं गेलं नाही.

"मग रंगवले कुणी?" किओबाईंनी विचारलं.

कुणाच्या तरी घरात कुत्रं भुंकलं.

व्हर्नाने आपला माइक चालू केला.

"रंग ऑरिनचा आहे, त्याने दारातल्या टपालपेटीसाठी आणलेला," ती म्हणाली. "बाण माझे, सगळ्यांची तोंडं समोरून दिसावीत म्हणून. अर्धा डबा अजून शिल्लक आहे, ग्लेन."