कोहेनच्या हातांवर पाणी

"लेवी कोण आहे?" एझ्रासाहेबांनी विचारलं.

कोळवणच्या त्या पडवीत त्यांना धरून दहा पुरुष जमले होते, सकाळच्या प्रार्थनेला लागतात तेवढेच. बेने इस्रायलांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंत, कोहेन नाहीत आणि लेवीही नाहीत. एझ्रासाहेब पुण्याच्या कॅम्पातल्या बगदादी ज्यू घराण्यातले, कोहेन म्हणजे पुरोहितांच्या वंशातले. हात उंचावून आशीर्वाद देणं हे त्यांचं काम. पण त्याआधी त्या हातांवर पाणी घालायचं ते लेवीनं, म्हणजे देवळातल्या सेवेकऱ्यांच्या वंशातल्यानं.

"लेवी नसेल तर आईच्या पोटचा पहिला चालतो," ते म्हणाले. "तसं लिहून ठेवलंय."

पहिलाही निघेना. पहिले सगळे केव्हाच इस्रायलला गेले होते. इथे उरले ते मागचे.

"मग तुमचं तुम्हीच घ्या, साहेब," रेऊबेन म्हणाला. "उशीर होतोय."

"थांब."

माजघरातून सेगुलाबाई बाहेर आल्या. घर त्यांचं, रेऊबेन त्यांचा भाचा. हाताला प्रार्थनेनंतरच्या प्रसादाच्या, मलिद्याच्या पोह्यांचा कोंडा लागला होता. तो पदराला पुसून त्यांनी तांब्या उचलला.

"मी आहे पहिली."

रेऊबेन हसला. "आत्या, पहिला म्हणजे मुलगा."

"तुझा बाप माझ्यामागून चार वर्षांनी झाला. याच कडेवर मोठा केलाय त्याला."

"ते खरं गं. पण दुसऱ्याचं काम हातात घेईल त्याला मरण, असं तोरा ग्रंथात आहे. कोहेनचं कोहेननं करायचं, लेवीचं लेवीनं. हो ना साहेब?"

"हो," एझ्रासाहेब म्हणाले. "भाष्यकार तर पुढे जाऊन सांगतात. एक गाणारा लेवी दार लावणाऱ्या लेवीला हात द्यायला गेला, तर त्यालाही मागे फिरवलं. म्हणाले, तुझं काम गाण्याचं, दाराचं नाही."

"चौऱ्याऐंशीची झाले रे. मरणाची भीती दुसऱ्या कुणाला घाल."

आत पोहे पाखडणाऱ्या शेजारच्या चंद्राबाईंनी सूप थांबवलं. "आवं बाई, तुमच्यात बी पानी घालायला जात लागती व्हय?"

दोघं-तिघं हसले. रेऊबेन हसला नाही.

सेगुलाबाई एझ्रासाहेबांकडे वळल्या. "साहेब, लेवींच्या आधी देवाचं काम कुणाकडे होतं?"

"घरोघरच्या पहिल्या मुलांकडे."

"मग गेलं कसं?"

"लोकांनी सोन्याचं वासरू केलं. पहिली मुलं त्याच्या पाया पडली, लेवी पडले नाहीत. म्हणून काम लेवींना मिळालं."

"आणि वासराला सोनं दिलं कुणी?"

"पुरुषांनी." एझ्रासाहेब जरा थांबले. "बायकांनी कानातलं काढून दिलं नाही. भाष्यकार सांगतात तसं."

"म्हणजे पहिल्या मुलाचं काम त्याच्या पापानं गेलं. पहिल्या मुलीनं काय केलं होतं? तिचं कुणी काढून घेतलं? कुठे लिहिलंय ते दाखवा."

"काढून घ्यायला तिला दिलं होतं कधी?" रेऊबेनचा आवाज चढला.

"साठ वर्षं या घरात पाणी मी भरलं. विहिरीतून शेंदून भरलं. तेव्हा कुणी आडवं आलं नाही, हे काम तुला दिलंय का म्हणून."

एझ्रासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या वर सारल्या.

"साहेब, पुण्यात कळलं तर?" रेऊबेननं विचारलं.

"कळेलच," सेगुलाबाई म्हणाल्या. "मीच सांगणार आहे."

एझ्रासाहेबांनी घंगाळावर हात धरले. सेगुलाबाईंनी मनगटापर्यंत पाणी घातलं. आधी उजव्यावर, मग डाव्यावर, तांब्या रिकामा होईपर्यंत.

आशीर्वादाची वेळ आली. तेव्हा कोहेनच्या हातांकडे बघायचं नसतं. नऊ जणांनी शाली तोंडावरून ओढून घेतल्या. त्यांचं बघून चंद्राबाईंनीही पदर पुढे घेतला.

सेगुलाबाई मधोमध उभ्या होत्या. मान ताठ, डोळे उघडे, त्या दोन ओल्या हातांवर रोखलेले.