मिठाचं पाणी

आत्या खनिज मिठाची पिशवी घेऊनच आली. कांद्याचा रस झाला, तळपायांना तेल चोळून झालं. आता या मिठाच्या पाण्यात बसवलं की भाचीचा ऑटिझम पळालाच म्हणून समजा, असं तिला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

भाची कानांवरचा हेडफोन घट्ट धरून बाथरूमच्या दारात उभी राहिली. "आधी तू बसून दाखव," ती म्हणाली. पोरगी आपणहून बोलली म्हणून हरखलेल्या आत्याने तिचा गालगुच्चा घेतला, दार लावलं आणि टबात उतरली.

तास झाला तरी आत्या बाहेर येईना. शेवटी भाचीच्या आईने दार वाजवलं.

"वहिनी, दार नको वाजवूस," आतून आवाज आला. "तो टीव्ही बंद कर, इथला दिवाही घालव. मला कुणाशी बोलायचं नाहीये आणि कुणी अंगाला हात लावायला येऊ नका. मी एकटीच बरी आहे."

आईने टीव्ही आणि दिवा बंद केला. भाचीने स्वतःचा हेडफोन काढून आत्यासाठी दाराच्या कडीला अडकवला आणि हळूच म्हणाली,



"आई, आत्याला गुण येतोय."