सवडीची फाइल

शहरात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात टपाल लावण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. टेबलावर तीन फायली होत्या: 'तातडीचे', 'साहेबांकडे' आणि 'सवडीने'. माझं बिऱ्हाड सारखं बदलायचं, म्हणून सावनेरहून वडिलांची कार्डंही ऑफिसच्याच पत्त्यावर यायची. ती मी न वाचताच 'सवडीने'मध्ये लावून टाकायचो.

एकदा बापूजी स्वतःच आले. मी साहेबांच्या खोलीत अडकलो होतो, तर अर्धा तास माझ्या टेबलाशी बसून राहिले. मी बाहेर आलो तेव्हा ती 'सवडीने'ची फाइल त्यांच्यासमोर उघडी होती.

"बापूजी, अचानक काहून आले?"

"काही नाही गा, तुले पाहाले आलो," म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता एसटी गाठायला निघाले.

पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. ते मात्र मी लगेच वाचलं. मागच्या कार्डात कळवलेलं डोळ्याचं ऑपरेशन झालं, कालच पट्टी सुटली, काळजी नसावी, एवढाच मजकूर होता.



वर 'श्री'च्या शेजारी, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनीच लिहून पाठवलं होतं: 'सवडीने'.