एकदम दाबा

"एका खिडकीत एकच कारकून बसवलायस तू," राम म्हणाले. "पन्नास जण एकदम आले की तुझं पायथन कोलमडणार. एलिक्सिरमध्ये प्रत्येकाला वेगळी खिडकी मिळते."

शेळगावच्या समाजमंदिरात अबोलीच्या वेबसाइटच्या चाचणीसाठी शेतकरी मोबाईल घेऊन बसले होते. भाजीच्या गाडीत क्रेटची जागा रोज वेबसाइटवर धरायची, असं गटानं ठरवलं होतं. ती वेबसाइट पायथन की एलिक्सिर, कुठल्या संगणकी भाषेत लिहायची, यावरून बापलेकीत महिनाभर धड बोलणं नव्हतं.

"एलिक्सिर येणारा दुसरा माणूस दाखवा अख्ख्या इंदापूर तालुक्यात," अबोली म्हणाली.

"शिकवीन मी. तुला सोडून कुणालाही शिकवता येतं."

"मग ठेवा तुमची भाषा. माझी पुण्याची नोकरी पक्की झालीय. आज माझं पडलं, तर सोमवारी चालले."

"जा की. अडवलंय कुणी?"

गटाचे प्रमुख महिपती तात्या हसले. "आवो रामराव, भांडान घरी करा की. हितं आमची मिरची वाळाय लागलीय."

अबोली गाडीतून चार्जर घेऊन आली, तोवर राम दाराशी उभे राहिले होते.

"दाबा!" ते ओरडले.

एकामागून एक नावं पडद्यावर उतरत गेली. काहीच अडलं नाही.

"कोलमडलं?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

"घे तुझी भाषा."

रात्री दोघं वालचंदनगरला घरी पोचले. पहाटे राम झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर अबोलीनं वेबसाइट सुरू केली. शेळगावात पुन्हा सगळे जमले. जागा खुली झाली आणि सगळ्यांनी बटण दाबलं. पडदा जागच्या जागी अडकला. कुणालाच जागा मिळेना. गाडी अर्धी रिकामी निघाली.

"त्या दिवशी तर चाललं होतं," अबोली चिडून म्हणाली. "तुम्हीच दाबलं होतंत ना सगळ्यांनी?"

महिपती तात्यांनी टोपी काढली.

"ताई, तुमी चार्जर आणाय गेलता तवा रामरावांनी हात जोडलं आमाला. म्हनले, एकदम दाबू नका, एकामागनं एक दाबा. तिचं पडलं तर पोरगी पुण्याला जाईल. पुढं काय मोडलं, तर मी हाय नीट कराय."

अबोलीनं लॅपटॉप मिटला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "पुण्यात नोकरी नव्हतीच."