अर्धं पान

पेंटरकाकांची हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. हातभर उंचीची अक्षरं ते पट्टी न लावता काढायचे. कंपवातामुळे हातातला ब्रश सुटला, तेव्हा समुपदेशक बाईंनी त्यांना वही दिली. "काका, मनातल्या काळज्या रोज यात लिहून काढा. मी वाचणार नाही, फक्त पानं किती भरली ते बघेन."

पहिल्या आठवड्यात रोज चार पानं भरली. "माझ्याशी चार शब्द बोलत नाहीत, आणि इथे चार पानं!" काकू म्हणाल्या. वर्षभरात सगळं अर्ध्या पानात आटपायला लागलं.

"बघा, काळज्या किती कमी झाल्या!" बाईंनी फाइल मिटली. "आता यायची गरज नाही."

काका काहीतरी पुटपुटले. आवाजही हल्ली बसला होता.

"थँक्यू म्हणताहेत," काकूंनी सांगून टाकलं.

घरी येऊन काकूंनी कौतुकाने वही उघडली. अर्ध्या पानावर मुंग्यांच्या रांगा दिसल्या, म्हणून त्यांनी भिंग आणलं. चार पानांमधली एकही काळजी गळली नव्हती. शेवटी एक नवी होती.

"अक्षर बारीक होत चाललंय. बाईंना वाटेल, मी बरा झालो."