ऑल्डक्रॉफ्टांचा मूळपुरुष

"हेस्टरबाईंनी कमाल केली हो! तुमच्या घराण्याचा मूळपुरुष थेट १५६२ सालात गाठला!" विनिफ्रेडसमोर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवून पाद्रीबाबा बाहेर गेले.

विनिफ्रेडच्या अंगाचा तिळपापड झाला. या चुलत बहिणीचं कौतुक ती जन्मभर ऐकत आली होती. तिने पहिल्या वहीतलं त्या मूळपुरुषाचं, जॉन ऑल्डक्रॉफ्टचं, नाव नखाने खरवडलं. चार शतकांची शाई सायीसारखी अलगद निघाली.

पुढच्या पानावर त्याच्या मुलाची ओळ कोरी होती. नातवाचीही. तिने घाईने शेवटची वही उघडली. हेस्टरची ओळ कोरी! तिला हसू फुटलं.

मग तिने स्वतःची ओळ शोधली. तीही कोरी होती.

पाद्रीबाबा आत आले. "खोलीत कुणी नाही, आणि वह्या उघड्या कशा?" असं पुटपुटत त्यांनी तिच्या हातांखालची वही मिटली.